ज्याला प्यायचं, त्यानंच वाटायचं

चिंचवडच्या एका दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हल्ली पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरातला दिवा लागतो. दिवा लावणारे सासरे एसटीच्या दापोडी कार्यशाळेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या कट्ट्यावर त्यांच्या कानावर हिरव्या स्मूदीचं नाव आलं आणि तेव्हापासून त्यांना रोज एक पेला हवा आहे. मात्र मिक्सर नको. सून आहारतज्ज्ञ. तिची मिक्सरला हरकत नाही, हरकत आहे ती स्मूदीला. एका रविवारी दोघं ओट्यापाशी समोरासमोर आले.

सून : बाबा, विळी, खलबत्ता, पुरणयंत्र, रवी, सगळं एकदम बाहेर? पुरणाचा घाट घातलाय की काय?

सासरे : पुरण कसलं! पालक, केळं आणि दही. कट्ट्यावर सगळे स्मूदी म्हणतात ते.

सून : त्यासाठी साडेसातशे वॅटचा मिक्सर आहे की घरात. दोन मिनिटांचं काम.

सासरे : त्या दोन मिनिटांत नातू उठतो, त्याच्यामागे तू उठतेस, आणि संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचे विचारतात, पहाटे काय चालू असतं म्हणून. शिवाय मिक्सर नेमकं करतो काय, हे मला बघायचं होतं. पातं मिनिटाला १८ ते २० हजार फेरे घेतं. त्या वेगात ते कापतं, चेचतं, तळाचं वर आणतं आणि सगळं एकजीव करतं. यंत्रानं ही कामं एकत्र केली असतील, तर माणसानं ती सुटी करून घ्यावीत. कापायला विळी, चेचायला खलबत्ता, दाबून काढायला पुरणयंत्र, घुसळायला रवी. नवं काही विकत आणावं लागलं नाही.

सून : कामाची फोड छान केलीत. पण माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. पालक प्यायचा कशाला? मी ताकातला पालक करते, चाकवत करते. शिजवून, रवीनं घोटून, बेसन लावून. तुम्ही दोनदा वाढून घेता.

सासरे : घेतो. पण आठवड्यातून किती वेळा? दिवसाला १०० ग्रॅम पालेभाजी पोटात गेली पाहिजे, असं तूच पेशंटला फोनवर सांगत असतेस.

सून : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनांमध्ये ते प्रमाण आहे. आणि खरं आहे, आपल्याकडे रोज तेवढी होत नाही.

सासरे : दुसरं म्हणजे माझी कवळी. कोशिंबिरीतला कच्चा पाला कवळीखाली नीट येत नाही, पानाचा तुकडा टाळूला चिकटून बसतो. ज्यांचे दात शाबूत आहेत, त्यांना चावून खा म्हणणं सोपं असतं गं.

सून : दातांचा मुद्दा मी खोडणार नाही. ज्याला चावता येत नाही, त्याच्यासाठी अन्न बारीक करणं ही गरज आहे, फॅशन नाही. पण बाकीच्या मंडळींचं काय? तुमच्या कट्ट्यावर पन्नाशीचे, धडधाकट दातांचे लोक जेवण सोडून पेला रिचवतात. ब्रिस्टलमधल्या संशोधकांनी १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक प्रयोग छापला होता. माणसांना अख्खं सफरचंद, सफरचंदाचा लगदा आणि सफरचंदाचा रस दिला. रस अख्ख्या फळापेक्षा ११ पट लवकर संपला, लगद्यापेक्षा ४ पट लवकर. मग तिन्ही एकाच वेगानं संपवायला लावले, तरी रसानं लगद्यापेक्षा कमी पोट भरलं आणि लगद्यानं अख्ख्या फळापेक्षा कमी. चावण्यात पोटाला निरोप पोचायला वेळ मिळतो.

सासरे : मग तो प्रयोग मिक्सरच्या विरोधात आहे, माझ्या नव्हे. हातानं केलेली स्मूदी घटाघटा जातच नाही. दाट असते, मध्येच केळ्याचा तुकडा येतो, पुदिन्याचं पान येतं. मी ती चमच्यानं खातो. पेला संपायला वर्तमानपत्राची दोन पानं लागतात.

सून : पळवाट चांगली शोधलीत. बरं, करून दाखवा. मी बघते.

सासरे : आधी पानाचा स्वभाव ओळखायचा. पालकाचं पान लवचिक. नुसतं बत्त्यानं ठेचलं तर वाकतं, चपटं होतं, पण तुटत नाही. धरून ठेवतात त्या शिरा, आणि मुख्य शीर देठाकडून टोकाकडे जाते. म्हणून जाड देठ काढायचे, पानं एकावर एक ठेवून घट्ट सुरळी करायची आणि विळीवर आडवी चिरायची, जितकी बारीक जमेल तितकी. मग तो ढीग उलटा फिरवून पुन्हा चिरायचा. अर्धं काम इथेच होतं. विळीवर जो आळस करतो, त्याचा हात खलबत्त्यात भरून येतो.

सून : मग खलबत्ता.

सासरे : त्यातही क्रम आहे. आधी आल्याचा तुकडा, जिरं आणि चिमूटभर जाडं मीठ. ते बारीक झालं की पुदिना नि कोथिंबीर. पालक सगळ्यांत शेवटी, तोही थोडा थोडा. मिठाचे खरखरीत कण पानाला घासतात, पान फाटतं.

सून : आणि मीठ पेशीतलं पाणी बाहेर ओढतं. कोबीला मीठ चोळून ठेवलं की वाडगाभर पाणी सुटतं, ते त्याचमुळे. पण चिमूट म्हणजे चिमूटच हं. तुमची बीपीची गोळी चालू आहे.

सासरे : चिमूटच. आणि पाणी अजिबात घालायचं नाही. आधीच पाणी घातलं की पान तरंगतं, बत्त्याखालून निसटतं. गोळा होईपर्यंत कोरडंच वाटायचं. मग चमचाभर दही घालून सैल करायचं, मग आणखी चमचाभर. एकदम पातळ केलं की गुठळ्या राहिल्याच.

सून : खलबत्ता दगडी वापरताय हे बरं केलंत. माळ्यावरचा लोखंडी काढला असतात तर मी अडवलं असतं.

सासरे : फिटरला शिकवतेस? लोखंडात आलं, जिरं, वेलदोडा ठीक. दही, लिंबू गेलं की धातू उतरतो, रंग काळपट नि चव लोखंडी. आणि पितळेला कल्हई नसेल तर दही कळकणारच. आंबट पदार्थाला दगड, काच किंवा स्टील.

सून : आता एक युक्ती माझ्याकडून. तुमच्या हत्यारांत एक राहून गेलंय, फ्रीझर. रात्री पानं धुवा, पुसून कोरडी करा, पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पानातल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशींच्या भिंती फाटतात. घरचा फ्रीझर सावकाश गोठवतो, म्हणून स्फटिक मोठे होतात. गोठवलेली भाजी विकणाऱ्या कारखान्याला ते नको असतं. तुम्हाला नेमकं तेच हवंय. सकाळी पिशवी न उघडता वरून मुठीनं दाबा, पानांचा चुरा होतो.

सासरे : म्हणजे चेचायचं काम बर्फ करतो! थंड मुलखात रेडिएटरचं पाणी गोठलं की इंजिनाचा ब्लॉक तडकतो, तोच प्रकार. हे आवडलं मला. बत्त्याचाही आवाज वाचला.

सून : पण घाई करावी लागेल. पालकाचं पान पातळ, बाहेर काढल्यावर लगेच लिबलिबीत होतं. पेशी फुटलेल्या असल्यामुळे हवा लागून काळंही पडतं. चुरा झाला की थेट दह्यात. फ्रीझरमधून काढलेली पानं वितळवून परत गोठवायची नाहीत.

सासरे : आणि पुरणयंत्राचं ऐक. कच्चा पाला त्यातून उतरत नाही. पातं फिरतं, त्याबरोबर पाला फिरतो, खाली काहीच नाही. वाफवलेला पालकही एकटा असला तर घसरतो. पण त्यात पिकलेलं केळं कुस्करून घातलं की मिश्रणाला अंग येतं, पात्याखाली दाब बसतो आणि बारीक जाळीतून मऊ लगदा पडतो. शिरा वर राहतात. पुरणयंत्र होळीनंतर वर्षभर माळ्यावर पडून असतं, त्याला काम मिळालं.

सून : वर राहिलेल्या शिरा टाकू नका. तोच तर चोथा. आमटीत घालू. आणि जाळीतून काढायचंच असेल तर पालक आधी उकळत्या पाण्यातून काढायला माझी काहीच हरकत नाही. उलट मला तेच हवंय.

सासरे : आलीस मूळ भांडणावर. कच्चं की शिजवलेलं.

सून : हो, कारण इथे मला गंमत करायची नाही. पालकात ऑक्झॅलेट भरपूर असतं. १०० ग्रॅम पानांत अर्ध्या ग्रॅमपासून जवळजवळ एक ग्रॅमपर्यंत. आतड्यातून शोषलं गेलं की ते लघवीवाटे बाहेर पडतं, आणि तिथे कॅल्शियमशी जुळून खडे होऊ शकतात. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचेच असतात. भाज्या उकळून पाणी ओतून दिलं तर विरघळणारं ऑक्झॅलेट ३० ते ८७ टक्क्यांपर्यंत कमी झालेलं मोजलंय. नुसत्या वाफेवर तेवढं जात नाही, कारण ते पाण्यात उतरावं लागतं आणि ते पाणी फेकावं लागतं.

सासरे : पण पालकाची भाजी आपले लोक पिढ्यान् पिढ्या खात आले. सगळ्यांना कुठे मुतखडा झाला?

सून : भाजी खात आले, शिजवून, ताटातल्या चार पदार्थांपैकी एक म्हणून. पेल्यात भानगड मापाची आहे. पाव किलो कच्चा पालक चावून खायला बसलात तर अर्ध्यावर हात टेकाल. मिक्सरमधून तो दोन घोटांत जातो. ‘अमेरिकन जर्नल ऑफ किडनी डिसीजेस’मध्ये २०१८ साली ६५ वर्षांच्या एका बाईंची नोंद आहे. शरीर शुद्ध करायचं म्हणून त्यांनी हिरव्या पाल्याच्या स्मूदीचा सपाटा लावला. आधी मूत्रपिंडं ठीक होती. नंतर ती कायमची निकामी झाली. त्यांची पूर्वी पोटाची बायपास शस्त्रक्रिया झाली होती आणि नुकतीच बरेच दिवस अँटिबायोटिक्स चालू होती, त्यामुळे धोका वाढला होता. सगळ्यांना असं होईल असं मी म्हणत नाही. पण कट्ट्यावर कुणाला पूर्वी काय झालंय हे विचारून पेला पुढे करता का तुम्ही?

सासरे : एकाचा खडा काढलाय, हे माहीत आहे.

सून : मग त्यांना कच्च्या पालकाचा पेला नाही. वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी ज्यांना चालू आहे, त्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व खूप असतं, ते त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. अशा माणसानं पालेभाजी सोडायची नसते, पण आज शून्य आणि उद्या वाडगाभर, असंही करायचं नसतं.

सासरे : माझं दही मोजलंस का तुझ्या हिशेबात? दह्यातल्या कॅल्शियमनं काही फरक पडत असेल ना?

सून : पडतो. पोटातच कॅल्शियम ऑक्झॅलेटला धरतं आणि ते शौचावाटे बाहेर जातं. म्हणून पाण्यात केलेल्या स्मूदीपेक्षा दह्यातली बरी. पण तेच कॅल्शियम लोह शोषायला आडवं येतं. लिंबू पिळलंत तर लोहाला मदत होते. एका पेल्यात सगळेच फायदे कोंबता येत नाहीत. रक्त वाढावं म्हणून जी बाई पालक पिते, तिनं लिंबाबरोबर घ्यावा आणि त्यावर लगेच चहा पिऊ नये. खड्याची भीती असलेल्यानं दह्याबरोबर, तोही उकळून.

सासरे : म्हणजे कच्च्याच्या बाजूनं तुझ्याकडे काहीच नाही?

सून : आहे, आणि ते लपवणं बरोबर नाही. स्वीडनमधल्या लिन्शॉपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये पालकातल्या ल्युटीनवर काम छापलं. ल्युटीन डोळ्यांच्या पडद्याशी संबंधित द्रव्य. त्यांना आढळलं की पालक जितका जास्त वेळ उकळला तितकं ल्युटीन कमी होत गेलं, आणि सगळ्यांत चांगलं म्हणजे न शिजवता बारीक चिरून, स्निग्धांश असलेल्या दुधा-दह्याबरोबर घेणं. ल्युटीन चरबीत विरघळतं, म्हणून साय काढलेल्या दह्यापेक्षा सायीचं दही बरं.

सासरे : ऐकलंस ना स्वतःचंच! बारीक चिरून, न शिजवता, दह्याबरोबर. माझी कृती स्वीडनला पोचली.

सून : ते प्रयोगशाळेतलं मोजमाप होतं, माणसांना पाजून बघितलेलं नव्हतं. आणि स्वीडनच्या पालकाला आपल्या गटाराकाठच्या वाफ्याचं पाणी नसतं. बाजारातली जुडी कुठून आली, कुठल्या पाण्यावर वाढली हे मंडईत कोण सांगतं? कच्च्या पाल्यावर जंतांची अंडी असू शकतात, जिवाणू असू शकतात. नळाखाली जुडी धरून झटकली म्हणजे पाला धुतला असं होत नाही. मोठ्या पातेल्यात पानं सुटी करून बुडवायची आणि वर उचलून घ्यायची. पातेलं उपडं केलंत तर तळाची माती परत पानांवर. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच करत राहायचं. पावसाळ्यात मी कच्चा पाला देणारच नाही, आणि गरोदर बाईला तर कधीच नाही.

सासरे : पावसाळ्याचं मान्य. तेव्हा पालकही चिखलानं भरलेला येतो. आणि दुधीचं काय म्हणणं आहे तुझं? बागेबाहेर सकाळी दुधीचा, कारल्याचा रस विकतात. आमच्यातले दोघं तो रोज घेतात. म्हटलं, दुधी किसणीवर किसावा, फडक्यातून पिळावा. त्यालाही मिक्सर लागत नाही.

सून : दुधी किसण्याआधी एक फोड चाखायची. कडू लागली तर अख्खा दुधी कचऱ्यात. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत, म्हणून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काकडी-दुधीच्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. आपल्याकडे औषध कडूच असतं असं मनात बसलेलं असतं, त्यामुळे लोक नाक धरून पितात. चव ही तिथली एकमेव धोक्याची घंटा आहे. बागेबाहेर पेला भरून मिळतो, तिथे फोड कोण चाखतं?

सासरे : हातानं करणाऱ्याचा हाही फायदा. किसताना बोट चाटलं जातंच.

सून : चाटाच. आता गोडाकडे या. तुम्ही केळं किती घालता?

सासरे : एक. डाग पडलेलं, मऊ. काट्यानं चेचून. आपलं शिकरण आपण असंच करत आलो, त्याला कधी यंत्र लागलं? आमरसही हातानंच पिळला. केळं नसेल तर पिकलेली पपई, नाहीतर चिकू. कट्ट्यावर एक जण दोन केळी, चार खजूर, वर मध घालतो.

सून : त्यांची ती स्मूदी नाही, हिरवा रंग दिलेलं गोड पेय आहे. ब्रिटनची एनएचएस फळांचा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलीटरवर जाऊ नका म्हणते. म्हणजे आपल्या चहाच्या कपाएवढं. साध्या मोठ्या पेल्याच्या अर्ध्याहून थोडं जास्त. मधुमेह असेल तर केळ्याऐवजी काकडी किसून घाला, ताक घाला. खारी स्मूदी करा.

सासरे : ती तर मला जास्त आवडते. काकडी किसणीवर, तिचं पाणी ठेवायचं. पुदिना, आलं, जिरं, मीठ खलात. चिरलेला पालक, ताक, रवीनं घुसळायचं. सब्जा आधी वीस मिनिटं भिजवून ठेवायचा, तो फुगला की दाटपणा येतो, केळ्याची आठवण राहत नाही. गोड करायची तर केळं, दही, पालक, आलं, आणि वर भिजवलेले चार बदाम ठेचून. पालक मूठभर, चाळीस-पन्नास ग्रॅम. लिंबू आवडीप्रमाणे.

सून : लिंबू प्यायच्या क्षणी पिळा. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. आंबटपणानं ते सुटतं आणि हिरव्याचा मेंदी रंग होतो. उष्णतेनंही तेच. म्हणून पालक उकळत्या पाण्यात मिनिटभरच, झाकण न ठेवता, आणि लगेच गार पाण्यात. सोडा घातला तर रंग हिरवागार राहतो, पण जीवनसत्त्वांची वाट लागते.

सासरे : एवढं सगळं माहीत असून तुझा विरोध कशाला? कृती तर तूच सुधारत चाललीस.

सून : खरं कारण सांगू? ही हिरवी स्मूदी आली अमेरिकेतून. रशियात जन्मलेल्या व्हिक्टोरिया बुटेंको या बाईंनी २००५ मध्ये ‘ग्रीन फॉर लाइफ’ लिहिलं. चिंपांझी किती पाला खातात, माणसाच्या आहारात तो किती कमी आहे, असा त्यांचा विचार. माणसाला तेवढा पाला चावता येत नाही, म्हणून ताकदवान ब्लेंडर. त्यांच्या विचाराचा कणाच ते यंत्र आहे. तुम्ही त्यातलं यंत्र काढून टाकलंत आणि वर म्हणता, हातानं केलेलं चांगलं. इथे मला राग येतो.

सासरे : राग? का?

सून : आईंनी या घरात पाट्यावर किती वर्षं वाटण वाटलं?

सासरे : लग्न झाल्यापासून मिक्सर आला तोवर. वीस-बावीस वर्षं असतील.

सून : पाट्यावरच्या वाटणाची चव मिक्सरला नाही, असं जेवताना कोण म्हणायचं?

सासरे : मीच म्हणायचो.

सून : आणि वाटायचं कोण? जात्यावर बायकांनी ओव्या रचल्या त्या काही हौसेनं पहाटे उठून नव्हे. दळण संपत नव्हतं म्हणून. १९६३ मध्ये मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरनं सुमीत मिक्सर काढला, तोही घरातला परदेशी ब्लेंडर आपल्या वाटणापुढे टिकेना, त्याची मोटर जळली म्हणून. त्या मोटरनं किती बायकांची मनगटं नि पाठी वाचवल्या, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आता तुमच्या कट्ट्यावरच्या लोकांना पाटा-वरवंट्याचं प्रेम आलंय. उद्या ते घरी जाऊन म्हणतील, मिक्सरमध्ये सत्त्व जातं, हातानं कर. आणि खलबत्ता कुणाच्या हातात येईल?

सासरे काही वेळ बोलले नाहीत. खलातला गोळा बोटानं काढून त्यांनी दह्याच्या पातेल्यात सोडला आणि रवी फिरवायला घेतली.

सासरे : तुझं म्हणणं खरं आहे. पण एक बघ. मी कुणाला कर म्हटलं नाही. पाला मी निवडतो, मी धुतो, मी चिरतो. विळी, जाळी, खल मीच घासतो, आणि पुरणयंत्राच्या जाळीतली एकेक शीर पिनेनं काढतो. वाटणाऱ्याचे हात भरून येतात म्हणजे काय, ते मला या वयात कळलं. ते आधी कळायला हवं होतं, हे मान्य.

सून : मग कट्ट्यावर कृती सांगताना हेही सांगा. ज्याला प्यायचं, त्यानंच वाटायचं. घरातल्या बाईनं केलेली, मोलकरणीनं केलेली हातची स्मूदी चालणार नाही. त्यांनी करायची असेल तर मिक्सरच.

सासरे : हे पहिलं कलम. आणि तुझ्या ऑक्झॅलेटलाही हाच नियम पुरेल. तू म्हणालीस ना, भानगड मापाची आहे? मिक्सर लावून पाव किलो पालक कुणीही पिऊन टाकेल. स्वतःच्या हातानं रोज पाव किलो पालक कोण वाटणार आहे? मूठभर पानांतच माझा खांदा बोलायला लागतो.

सून : म्हणजे तुमचा कंटाळाच तुमचं माप ठरवणार.

सासरे : कंटाळा म्हण, खांदा म्हण. पण माप राहील.

सून : हे मला पटलं, अर्धं. माप राहील, पण कच्च्याचा प्रश्न उरतोच. माझं म्हणणं, आठवड्यातून दोन दिवस कच्चा, तोही चांगला धुतलेला. बाकीचे दिवस पालक उकळत्या पाण्यातून काढून, पाणी फेकून. मधल्या दिवसांत पालकाच्या जागी कोथिंबीर-पुदिना वाढवा. नुसतं एकाच पाल्यावर बसू नका. आणि दिवसाची पालेभाजी ताटातही हवी. पेला भाजीच्या जागी नाही, भाजीच्या जोडीला.

सासरे : दोन दिवस कमी होतात. स्वीडनवाल्यांचा विचार करता चार तरी दे.

सून : स्वीडनवाल्यांना तुमचा वाफा दाखवा, मग बघू. तीन.

सासरे : तीन. उरलेल्या दिवशी पुरणयंत्र. पण उकळलेल्या पालकाला कच्च्याची चव नाही, हे मी म्हणत राहणार.

सून : म्हणा की. पण ज्या दिवशी खांदा दुखला म्हणून मला हाक माराल, ‘जरा वाटून दे गं’, त्या दिवशी हा कारखाना बंद.

सासरे : त्या दिवशी मी गुपचूप तुझ्या हातचा ताकातला पालक खाईन.

सून : मला पहिल्यापासून तेच तर हवं होतं.